पटावरच्या गप्पा : रेटिंग अकराशेवरच का अडकलंय?

गोव्यात हडफड्याला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आणि तेव्हापासून या सदराला येणारी पत्रं एकदम वाढली, आधी महिन्याला चारपाच यायची, आता संपादक म्हणतात वेगळा फोल्डर करा. सगळ्यांना उत्तरं देणं जमत नाही, माफ करा. यावेळी चारच घेतलीयत, त्यातलं पहिलं जरा जास्तच जागा खाणार आहे, कारण त्यात आपण सगळेच आहोत.

प्रश्न : नमस्कार. मी चोडणचा, पणजीत एका ऑफिसात अकाउंट्स बघतो, वय ४१. लॉकडाऊनात फोनवर चेस चालू केलं ते अजून सुटलं नाही. रोज आठ-दहा डाव होतातच, तीन मिनिटांचे ब्लिट्झ, सकाळी फेरीबोटीत एक, दुपारी जेवल्यावर दोन आणि बाकीचे रात्री. पांढऱ्या आल्या की लंडन ओपनिंग (म्हणजे डावाची ठरलेली सुरुवात), काळ्या आल्या की युट्यूबवर बघितलेला एंगलंड गॅम्बिट. रेटिंग दोन वर्षं ११०० च्या आजूबाजूला, ११५० ला टेकलं की आठवड्यात परत १०६०. माझा खेळ तसा अटॅकिंग आहे. तुम्ही मागे म्हणाला होता तसे शेवटचे ५० डाव पाठवतोय, बघून सांगा माझी स्टाइल कुठली आणि ती सुधारायला काय करू. – एक पटवेडा, चोडण

उत्तर : भाऊ, पन्नासही डाव बघितले, दोन संध्याकाळी गेल्या, आणि मजा आली हे आधी सांगतो कारण पुढचं थोडं तिखट आहे. तुमची स्टाइल कुठली ते मला सापडलं नाही. सवयी मात्र भरपूर सापडल्या. ज्याला एकाच वेळी तीन चांगल्या खेळी दिसतात आणि त्यातली तो आपल्या आवडीची निवडतो, त्याची ती स्टाइल. तुम्हाला आणि मला (मी पंधराशेच्या घरातला आहे, हसू नका) जी पहिली दिसते ती आपण खेळतो, आणि पहिली कुठली दिसणार ते सवय ठरवते.

आता लंडन घ्या (डी४, एफ४ ही पटावरच्या घरांची नावं). डी४, उंट एफ४, ई३, घोडा एफ३, उंट डी३, सी३, दुसरा घोडा डी२. वाईट नाही, भलेभले खेळतात. पण तुम्ही पहिल्या सात खेळी समोरचा माणूस पटावर आहे की नाही हे न बघता खेळता, घड्याळ बघितलं तर सातही खेळींना मिळून पाच-सहा सेकंद. एका डावात त्याने सी५ करून वजीर बी६ ला आणला, बी२ चं तुमचं प्यादं उघडं पडलं, आणि तुम्ही सरळ उंट डी३. का, तर पाचवी खेळी उंट डी३ असते म्हणून! त्याने प्यादं खाल्लं, हत्तीवर येऊन बसला, मग सी४ करून त्याच उंटाला हाकललं. दुसऱ्या तीन डावांत समोरच्याने जी६ करून उंट जी७ ला लावलाय, तिथे डी३ वरचा तुमचा उंट नुसता जी६ च्या भिंतीकडे तोंड करून बसतो, तो ई२ ला साधा बरा असतो. हे तुम्हाला माहीत नाही असं मी म्हणत नाही, विचारलं असतं तर तुम्ही सांगितलंही असतं. पण तिथे विचारायला थांबलंय कोण.

एंगलंड गॅम्बिटबद्दल खरं सांगू का, तो मला आवडतो, कारण मीसुद्धा त्यावर फुकटचे पॉइंट खाल्लेत. ज्या वाचकांना माहीत नाही त्यांच्यासाठी : पांढरा डी४ खेळतो, काळा लगेच ई५, पांढरा प्यादं खातो, काळा घोडा सी६, पांढरा घोडा एफ३, काळा वजीर ई७, पांढरा प्यादं राखायला उंट एफ४, काळा वजीर बी४ वर शह, पांढरा उंट डी२ ला मागे, काळा वजीराने बी२ खातो. आता पांढऱ्याचा हात आपोआप उंट सी३ कडे जातो, वजीराला धमकी मिळते ना, आणि तिथेच घात. काळा उंट बी४, आता सी३ चा उंट मधे बांधला गेला, पांढरा वजीर डी२ ला आणतो, काळा उंटाने उंट खातो, पांढरा वजीराने परत घेतो, आणि काळा वजीर सी१ वर मात. पण पांढऱ्याने उंटाच्या जागी घोडा सी३ ला आणला की सापळा तिथेच संपतो, वर तुमचा वजीर परक्या घरात एकटा आणि पांढरा हत्ती बी१ ला येऊन त्याच्या मागे लागणार. तुमच्या पन्नासमध्ये काळ्याचे चोवीस आहेत, त्यात डी४ आलंय अकरा वेळा, मात बसलीय दोनदा. उरलेल्या नऊपैकी सात हरलायत. ते दोन तुम्हाला पाठ आहेत, सात आठवत नाहीत. मटक्याचं पण असंच असतं, लागलेला आकडाच लोक सांगत फिरतात.

आणि आता सगळ्यात गंमतीचं. तुम्ही मोहरं मागे असताना चांगले खेळता! हे मला पहिल्या संध्याकाळी लक्षातच आलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंगा ऐकून उठलो आणि दार उघडता उघडता डोक्यात आलं. हत्ती गेला की तुम्ही एकेका खेळीला दहा-बारा सेकंद घेता, समोरचा काय करणार ते बघता, फोर्क (एकाच मोहऱ्याने दोघांवर हल्ला) शोधता, राजा कोपऱ्यात सरकवून ठेवता. आणि मोहरं पुढे असलात की एक सेकंद, एक सेकंद, वजीर इकडे शह, तिकडे शह, नुसते शह. एका डावात तुमच्याकडे वजीर आणि दोन हत्ती, त्याच्याकडे एकटा राजा, वेळ चाळीस सेकंद, आणि तुम्ही स्टेलमेट केलंत, म्हणजे त्याला शह नाही आणि खेळायला खेळीही नाही, डाव बरोबरीत. जिंकत असलो की संपलं असं वाटतं आणि डोकं उठून हात धुवायला जातं, पट मात्र अजून मांडलेलाच असतो. म्हणून म्हणतो, तुमचा खेळ अटॅकिंग वगैरे नाहीये. तुम्ही घाईचे आहात, आणि हरायला लागलात की शहाणे होता.

घाईचं एक कारण ती फेरीबोट आहे. रायबंदरहून चोडण मीही कितीदा केलंय, तीन मिनिटांचा डाव म्हणजे दोघांचे मिळून सहा मिनिटं, बोटीत चढून उभं राहून चालू केला की धक्का येईस्तोवर संपेल न संपेल. तुमच्या सकाळच्या डावांत बहुतेक सगळ्यांत शेवटच्या दहा खेळी वेड्यासारख्या आहेत, तिथे तुम्ही खेळत नाही, स्कूटर चालू करायच्या तयारीत आहात. एक डाव तर तुम्ही तसाच सोडून उतरलात, समोरचा बिचारा कुठेतरी घड्याळ संपायची वाट बघत बसला. असं नाही करायचं हो. हरत असलो तर डाव सोडायचं बटण आहे, ते दाबायला लाज वाटायची काही गरज नाही. फेरीत कोडी सोडवा, कोडं अर्धवट राहिलं तर कोणाचं काही जात नाही.

दुसरं कारण रात्र. प्रत्येक डावावर वेळ लिहिलेली असते, ती तुम्ही कधी बघितलीत का? मी वहीत दोन रकाने केले, रात्री साडेदहाच्या आधीचे आणि नंतरचे. आधीच्यांत जिंकणं-हरणं साधारण सारखं. नंतरच्यांत एक हरलात की तीस सेकंदांत रीमॅच, तो हरलात की दुसरा, आणि प्रत्येक पुढच्या डावात तुम्ही आधीच्यापेक्षा भराभर खेळलायत, पहिल्यात मोहरं दिलं, दुसऱ्यात वजीर, तिसऱ्यात दहाव्या खेळीला मात. एका रात्री लागोपाठ सहा. तुमचं ११५० चं १०६० होतं ते आठवडाभरात होत नाही, अशा एक-दोन रात्रींत होतं, मग उरलेला आठवडा ते भरून काढण्यात जातो. याला पोकरवाले टिल्ट म्हणतात, इथे पणजीत मांडवीवर कसिनोच्या बोटी लागतात तिथे कोणालाही विचारा.

मग काय करायचं, तर नवीन ओपनिंग शिकू नका. रोज एक डाव, फक्त एक, पंधरा मिनिटांचा दहा सेकंद इन्क्रीमेंटवाला, म्हणजे प्रत्येक खेळीला दहा सेकंद परत मिळतात, आणि तो जेवायच्या आधी. वेळ नसेल तर दहा मिनिटांचा. (काही ऍपवर दहा मिनिटांचा डाव रॅपिड म्हणून दिसतो, पण फिडेच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेच्या, नियमात दहा मिनिटं किंवा त्याहून कमी म्हणजे ब्लिट्झच, तेव्हा मी रॅपिड खेळतो म्हणून मिरवू नका.) समोरच्याने खेळी केली की स्वतःची शोधायच्या आधी मनात एवढंच म्हणा, हा हे कशाला खेळला? ब्लिट्झ खेळायचंच असेल तर दोन हरले की फोन उलटा ठेवायचा. आणि डाव संपल्यावर लगेच इंजिन (स्टॉकफिशसारखा खेळी तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) उघडू नका, आधी वहीत एक ओळ लिहा, कुठे गेला असं मला वाटतं, मग स्टॉकफिशला विचारा. तुमचं उत्तर आणि त्याचं उत्तर जुळायला लागलं की समजा काहीतरी होतंय. इंजिन आधी उघडलं की आपण नुसते लाल-हिरव्या रेषा बघतो आणि हो हो, हेच मला दिसलं होतं म्हणतो. काही दिसलेलं नसतं.

स्टाइलबद्दल विचारलंत म्हणून एक. हडफड्याला २०६ जण खेळले, नॉकआउट, प्रत्येक सामन्यात आधी क्लासिकलचे (लांब वेळेचे) दोन डाव, बरोबरी झाली तरच कमी वेळेचे टायब्रेक. तेव्हाचा विश्वविजेता गुकेश तिसऱ्या फेरीत बाहेर गेला. फायनलला उझबेकिस्तानचा १९ वर्षांचा जावोखिर सिंदारोव आणि चीनचा वेई यी, दोन्ही क्लासिकल बरोबरीत आणि निकाल रॅपिडमध्ये. ही मुलं आपल्यापेक्षा भयंकर फास्ट खेळू शकतात, तरी वेळ असताना एका खेळीला वीस-पंचवीस मिनिटं डोकं धरून बसतात. आपल्याला तेवढं सुचणार नाही हे मान्य. पण वीस सेकंद?

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे, लिचेस या ऑनलाइन ऍपवर त्याचं रेटिंग १६५० आहे. गेल्या महिन्यात त्याला पहिल्यांदा एका देवळाच्या हॉलमधल्या स्पर्धेत घातलं, सहापैकी दीडच पॉइंट झाला, त्याच्याहून लहान मुलीने हरवलं आणि घरी येऊन खूप रडला, आता म्हणतो ऑनलाइनच खेळीन. ऑनलाइन एवढा चांगला आणि बाहेर असं का? – एक आई, डिचोली

उत्तर : ताई, आधी आकड्याचं. लिचेसवर नवीन खातं उघडलं की सुरुवातच १५०० ला होते, म्हणजे १६५० हा आकडा दिसतो तेवढा मोठा नाही, आणि लहान तर मुळीच नाही, सहावीतल्या मुलाला छानच आहे. रेटिंग म्हणजे त्या-त्या गोटातल्या लोकांशी केलेली तुलना, २०० पॉइंटचा फरक असला तर वरच्याने चारपैकी साधारण तीन पॉइंट घ्यावेत असा तो हिशेब. एका ऍपचा आकडा दुसऱ्या ऍपवर लागू होत नाही, फिडेच्या रेटिंगला तर नाहीच. फिडेचं रेटिंग आता १४०० च्या खाली नसतंच, २०२४ पासून, त्यामुळे अनरेटेड दिसणारी ती छोटी मुलगी चार वर्षं क्लासला जाणारी असू शकते.

आता पटाचं. फोनवर पट वरून सपाट दिसतो, खऱ्या पटावर मोहरी उभी असतात, मागचा उंट पुढच्या हत्तीआड लपतो, लांबचा तिरका रस्ता दिसत नाही. फोनवर जिथे घोडा जाऊ शकतो तिथे ठिपके येतात, हॉलमध्ये कोण ठिपके दाखवणार? हात लावला की तेच मोहरं खेळावं लागतं. ज्या हाताने खेळी केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं. डाव लिहून काढायचा असेल तर तेही. आणि समोर माणूस बसलेला असतो, तो पाय हलवतो, पाणी पितो, तुमच्या मुलाच्या डोळ्यांकडे बघतो. पहिल्या स्पर्धेत दीड पॉइंट म्हणजे या सगळ्यात दीड पॉइंट, वाईट नाही हो.

घरी लाकडी नको, साधा गुंडाळायचा पट आणि प्लास्टिकची मोहरी आणा. ऑनलाइन कोडं फोनवर बघायचं पण पटावर मांडून सोडवायचं, उत्तर लिहायचं, मगच फोनवर हात. दोन महिने हे करा आणि परत एका छोट्या स्पर्धेत घाला, निकाल विचारू नका, डाव लिहिलेले कागद आणलेस का एवढंच विचारा. आणि त्याला आपल्याच माणसांच्या गोष्टी सांगा. लिऑन मेंडोन्सा २०२० च्या लॉकडाऊनात वडिलांबरोबर युरोपात अडकला होता, अख्खं जग ऑनलाइन खेळत होतं तेव्हा हा पोरगा तिथे हंगेरी-इटलीत मिळतील त्या पटावरच्या स्पर्धा खेळत राहिला आणि १४ व्या वर्षी ग्रँडमास्टर होऊन घरी आला. त्याच्या आधी अनुराग म्हामल, गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर. भक्ती कुलकर्णी २०२२ मध्ये चेन्नईच्या ऑलिंपियाडला ब्राँझ जिंकलेल्या टीममध्ये होती. आणि इव्हाना फुर्तादो, ८ वर्षांखालच्या मुलींची जगज्जेती, लागोपाठ दोनदा. लहान मुलीने हरवलं म्हणून गोव्यात तरी कोणी रडू नये!

प्रश्न : समोरचा इंजिन बघून खेळतोय हे कसं ओळखायचं? मला रोज एक तरी असा भेटतो. – म्हापसा

उत्तर : रोज एक भेटत नाही. रोज एक तुमच्याहून चांगला भेटतो. खरा चोर असला तर बहुतेक वेळा त्याच्या वेळेवरून कळतं, तुम्ही वजीर खाल्लात आणि परत घेणं ही एकच खेळी आहे तिथेही त्याला सात सेकंद, आणि घोड्याचा बळी देऊन पाच खेळींनंतर मात अशी जागा असली तिथेही सातच सेकंद. शंका आली तर रिपोर्ट करा आणि पुढचा डाव चालू करा. चॅटमध्ये भांडू नका, तुमचं भांडण वाचलं मी, कोकणीत एवढे शब्द असतात हे मला नव्हतं माहीत.

प्रश्न : आमचे हे रात्री एक-एक वाजेपर्यंत फोनवर बुद्धिबळ खेळतात. जेवताना हाक मारली तर एक मिनिट म्हणतात, ते मिनिट पंचवीस मिनिटांचं असतं, तोवर शीत-कडी थंड. हरले की घरात कोणाशी बोलत नाहीत आणि जिंकले की तो डाव मला दाखवतात. मला शाळेत असताना चांगलं येत होतं, तालुक्याला खेळलेय, पण ते कधी विचारत नाहीत. काय करू? – नाव छापू नये

उत्तर : ताई, नाव छापत नाही. पण हे पत्र पहिल्या पत्रानंतर अकरा मिनिटांनी त्याच ई-मेल आयडीवरून आलंय, आणि दोन्ही पत्रांत पूर्णविरामाच्या जागी दोन टिंबं आहेत, तेव्हा एवढं तरी मला बोलू द्या.

त्यांचं एक मिनिट खोटं नसतं, फोनवरचा डाव मधेच थांबवता येत नाही, थांबवला तर पॉइंट जातात, आणि तुमच्या यांना पॉइंटचं केवढं आहे ते मी वर वाचून आलोय. म्हणून हाक मारताना जेवायला या म्हणू नका, पाच मिनिटं आधी सांगा, नवीन डाव चालू करू नका. एवढ्याने निम्मी भांडणं जातात, आमच्या घरी गेली.

त्यांना मी रोज जेवायच्या आधी एक पंधरा मिनिटांचा डाव सांगितलाय. तो फोनवरच झाला पाहिजे असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पट नसेल तर पणजीच्या बाजारात मिळतो. पांढऱ्या त्यांनाच द्या, ते लंडन खेळणार, डी४ आणि मग उंट एफ४. तुम्ही सी५ करा आणि वजीर बी६ ला आणा. पाचव्या खेळीला ते बघणार नाहीत.